यंत्रप्रदर्शनांचे चित्रीकरण : काय टिपावे, काय विचारावे

नवी यंत्रे, उपकरणे आणि साधने एकाच ठिकाणी मांडून ती व्यापाऱ्यांस, तज्ज्ञांस व सामान्य ग्राहकांस दाखविणारी प्रदर्शने आता जगभर भरतात. लास वेगास येथे दर वर्षी जानेवारीत भरणारे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे प्रदर्शन १९६७ साली न्यूयॉर्क शहरात सुरू झाले. जर्मनीतील हॅनोव्हरचा औद्योगिक मेळा १९४७ पासून भरत आला आहे. तैवानची राजधानी तैपेई संगणकांच्या प्रदर्शनासाठी ओळखली जाते. आपल्या देशात नवी दिल्लीचे प्रगती मैदान आहे, आणि शेतीपुरते बोलावयाचे तर पुण्याजवळ मोशी येथे भरणारे किसान प्रदर्शन व बारामती येथील कृषिक प्रदर्शन आपल्या वाचकांस ऐकून तरी ठाऊक असेलच.

परंतु अशा प्रदर्शनांस जातीने जाऊ शकणारे थोडेच. सत्तरीतील बागायतदार, काणकोणचे शिक्षक, पेडण्यातील स्वयंसाहाय्य गटाच्या भगिनी यांना ही प्रदर्शने दिसतात ती मोबाईलच्या पडद्यावर, पाच-सात मिनिटांच्या चित्रफितीतून. नारळ सोलण्याचे यंत्र घ्यावे की घेऊ नये, फवारणीचे ड्रोन भाड्याने आणावे की पूर्वीचाच पंप वापरावा, शाळेसाठी कोणता डिजिटल बोर्ड मागवावा, याविषयीचे निर्णय आता अशा चित्रफिती पाहून होऊ लागले आहेत. त्यात शेतकऱ्याची शिल्लक गुंतते, प्रसंगी कर्जही होते. शिवाय चित्रफितीवर एखाद्या शासकीय खात्याचे अथवा पंचायतीचे नाव असले, म्हणजे पाहणारा तिला जाहिरात समजत नाही. तो तिला ग्वाही समजतो. यास्तव प्रदर्शनातील यंत्रांचे चित्रीकरण कसे करावे याचा विचार केवळ कॅमेरा हाताळणाऱ्याने नव्हे, तर त्यास पाठविणाऱ्या अधिकाऱ्याने आणि ती फीत गावात दाखविणाऱ्या शिक्षकानेही करणे अगत्याचे आहे.

फीत हा शब्द आता सवयीनेच उरला आहे. आजच्या कॅमेऱ्यात फीत नसते. असते ते नखाएवढे मेमरी कार्ड. तरीही शब्द टिकला आहे, आणि तो ज्या वस्तूवरून आला तिचा सार्वजनिक जन्म एका अशाच व्यावसायिक मेळाव्यात झाला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने सांगण्याजोगी आहे.

एप्रिल १९५६ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरी नभोवाणी व दूरचित्रवाणी क्षेत्रातील व्यावसायिकांचे संमेलन भरले होते. तोपर्यंत दूरचित्रवाणीचा कार्यक्रम जतन करावयाचा तर पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून त्यावरील चित्राचे पुन्हा चित्रण करावे लागे. ती फिल्म धुवावी लागे, आणि निघणारे चित्र धूसर असे. अँपेक्स या कंपनीतील चार्ल्स गिन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्र थेट चुंबकीय फितीवर उतरविण्याचे यंत्र सिद्ध केले होते. पुढे ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात नाव मिळविणारे रे डॉल्बी हे या मंडळीतील तरुण सदस्य होते. ध्वनीच्या मानाने चित्रात माहितीचा साठा शेकडो पटींनी अधिक असतो. ती सामावून घेण्यासाठी फीत भरधाव पळविण्याऐवजी या मंडळींनी दोन इंच रुंदीची फीत संथ चालविली आणि तिच्यावरून चुंबकीय शीर्षांची चकती फिरविली. त्या चकतीवर चार शीर्षे असत आणि ती मिनिटास १४,४०० वेळा फिरे.

हे सर्व व्यासपीठावरून समजावून सांगता आले असते. कंपनीच्या मंडळींनी वेगळा मार्ग पत्करला. सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीचे एक अधिकारी विल्यम लॉज यांचे भाषण चालू असता ते गुपचूप मुद्रित करण्यात आले. भाषण संपले आणि श्रोत्यांसमोरच्या पडद्यांवर तेच भाषण पुन्हा सुरू झाले. वक्ता तर बोलत नव्हता! सभागृहात क्षणभर शांतता पसरली आणि मग टाळ्यांचा गजर झाला. त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला सीबीएसने हे यंत्र प्रत्यक्ष प्रक्षेपणासाठी वापरले.

या प्रसंगात विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज कोणासच पडली नाही. श्रोत्यांनी मूळ भाषण काही क्षणांपूर्वी स्वतः ऐकले होते. मूळ आणि प्रतिकृती त्यांना ताडून पाहता आली. प्रात्यक्षिक म्हणावे ते यास.

दुसरा प्रसंग ९ डिसेंबर १९६८ चा, सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेतला. डग्लस एंगलबार्ट या अभियंत्याने सुमारे एक हजार श्रोत्यांपुढे नव्वद मिनिटे एका संगणकप्रणालीचे प्रात्यक्षिक केले. आज प्रत्येक कार्यालयात मेजावर असणारा माऊस त्या दिवशी प्रथमच जाहीरपणे दाखविण्यात आला. एका शब्दावरून संबंधित दुसऱ्या मजकुराकडे जाणे, दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर पाहत त्याच्यासह एकाच लेखावर काम करणे, हेही त्यांनी करून दाखविले. त्यांचा संगणक सभागृहात नव्हताच. तो सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर दूर, मेन्लो पार्क येथील संशोधन संस्थेत होता आणि सूक्ष्मलहरींच्या दुव्याने सभागृहाशी जोडलेला होता.

प्रणालीइतकेच त्या दिवसाचे चित्रीकरणही अभ्यासण्यासारखे आहे. एक कॅमेरा एंगलबार्ट यांच्या चेहऱ्यावर होता, एक त्यांच्या हातांवर, आणि संगणकाच्या पडद्यावरचे चित्र निराळे घेतले जात होते. मेन्लो पार्कमधील कॅमेरा स्ट्युअर्ट ब्रँड सांभाळीत होते. बिल इंग्लिश हे सभागृहात बसून कोणते चित्र केव्हा मोठ्या पडद्यावर जावयाचे ते ठरवीत होते, आणि पुष्कळदा दोन चित्रे ते एकत्र दाखवीत. त्यामुळे हात हलला आणि तत्क्षणी पडद्यावरचे चिन्ह हलले, हे प्रेक्षक एकाच वेळी पाहू शकत होते. त्या कार्यक्रमाचे चित्रण टिकून आहे आणि आजही पाहता येते. कृती आणि तिचा परिणाम एकाच चौकटीत असले, म्हणजे पन्नास वर्षांनंतरच्या प्रेक्षकाचीही खात्री पटते.

आता उलट बाजू. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील कॉमडेक्स या संगणकप्रदर्शनात मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स हे विंडोज ९८ ही नवी प्रणाली दाखवीत होते. एका सहकाऱ्याने संगणकाला स्कॅनर जोडला आणि सर्व काही ठप्प होऊन पडदा निळा झाला. प्रेक्षक हसले, गेट्स यांनीही विनोद करून वेळ निभावली. हे चित्रण जगभर दाखविले गेले. प्रणाली पुढे दोन महिन्यांनी बाजारात आली आणि खपलीही भरपूर. अपयश दिसल्याने चांगल्या वस्तूचे कायमचे नुकसान होत नाही, एवढे यावरून दिसते. म्हणून स्टॉलवर यंत्र बंद पडले, तर स्टॉलवाल्याने कितीही विनविले तरी ते चित्रण पुसू नये. यंत्र का थांबले आणि किती वेळात पुन्हा सुरू झाले, हेही टिपावे. गावातील माणसाला नेमके तेच पाहावयाचे असते.

बनावट प्रात्यक्षिकाने होणारे नुकसान मात्र दूरवर जाते. सप्टेंबर २०१२ मध्ये नोकिया कंपनीने आपल्या नव्या मोबाईलचे अनावरण केले. चालत्या सायकलवरूनही त्याचे चित्र हलत नाही, असे दाखविणारी एक फीत त्या वेळी प्रसृत करण्यात आली. पाहणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी लक्षात आले की वाटेतील एका खिडकीच्या काचेत एक मोटारगाडी आणि तीत मोठा कॅमेरा घेऊन बसलेला माणूस दिसतो आहे. फीत त्या मोबाईलवर काढलेली नव्हतीच. कंपनीस क्षमा मागावी लागली.

याहून गंभीर प्रकार अमेरिकेतील निकोला या कंपनीचा. तिने डिसेंबर २०१६ मध्ये पर्यायी इंधनावर चालणाऱ्या ट्रकचे थाटात अनावरण केले आणि जानेवारी २०१८ मध्ये तो ट्रक रस्त्यावरून धावत असल्याची फीत प्रसिद्ध केली. २०२० साली उघड झाले की ट्रक ओढून उतारावर नेला होता आणि तेथून तो नुसता घरंगळत खाली आला होता. फितीतील प्रत्येक चित्र तसे खरेच होते. ट्रक खराच, रस्ता खरा, चाके खरोखर फिरत होती! उतार तेवढा दिसत नव्हता. या फितीवर आणि कंपनीच्या इतर दाव्यांवर विसंबून लोकांनी पैसा गुंतविला होता. कंपनीने २०२१ साली साडेबारा कोटी डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. संस्थापकास २०२२ साली न्यायालयाने फसवणुकीबद्दल दोषी ठरविले. २०२५ साली त्यास अध्यक्षीय माफी मिळाली, हा भाग निराळा.

आपल्याकडच्या प्रदर्शनात उतार कोठे दडलेला असतो? नारळ सोलण्याच्या यंत्राचे उदाहरण घेऊ. स्टॉलवर यंत्राशेजारी नारळांचा ढीग असतो. ते सर्व एका आकाराचे, नीट वाळलेले, निवडून आणलेले असतात. यंत्र चालविणारा माणूस महिनोन्‌महिने तेच काम करीत आलेला असतो. तीन नारळ झरझर सोलून होतात, सोडण बाजूला पडते, लोक माना डोलावतात आणि कॅमेरा पुढच्या स्टॉलकडे वळतो. एवढ्या चित्रणातून बागायतदाराला काहीच कळत नाही. पाडेलीने नुकताच उतरविलेला ओला नारळ, लहान नारळ, वाकडा नारळ या यंत्रात घातला तर काय होते? शंभरात किती फुटतात? शक्य असल्यास चित्रीकरणास जाताना आपल्याच गावचे चार-सहा वेगवेगळे नारळ पिशवीतून न्यावेत आणि ते सोलून दाखविण्याची विनंती करावी. प्रामाणिक विक्रेता सहसा नाही म्हणत नाही. आणि नाही म्हणालाच, तर तेही नम्रपणे टिपून ठेवावे.

ही प्रात्यक्षिके आरंभापासून अखेरपर्यंत एकाच सलग चित्रणात घ्यावीत, मध्ये तोडू नयेत. यंत्र सुरू करण्यापूर्वीपासून कॅमेरा चालू हवा. चौकटीत यंत्र, चालविणाऱ्याचे हात आणि बाहेर पडणारा माल ही तिन्ही एकत्र दिसावीत. जवळचे चित्र हवे असल्यास ते नंतर स्वतंत्र घ्यावे. पुढे संकलनात लांबी कमी करणे भाग पडले, तर तेथे किती मिनिटे गाळली आहेत ते पडद्यावर लिहावे. गती वाढवून दाखविणे तर कटाक्षाने टाळावे.

यानंतर प्रश्न. यंत्राची प्रशंसा ऐकण्यासाठी प्रश्न विचारण्याची आवश्यकता नसते, ती आपोआप होते. विचारावयाचे ते असे की, किंमत करासह व वाहतुकीसह किती? एकेरी वीजजोडणीवर चालते की तीन फेजची वीज लागते? वीज गेल्यास काय करावे? पाते किंवा पट्टा झिजल्यास सुटा भाग कोठे मिळतो, गोव्यात मिळतो की कोल्हापुराहून मागवावा लागतो? दुरुस्तीस माणूस किती दिवसांत येतो? आज मांडलेले यंत्र विक्रीस आहे की हा केवळ पहिला नमुना आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा अडखळत येते. मध्य प्रदेशात बुदनी येथे ट्रॅक्टर व शेतीची यंत्रे तपासणारी केंद्र शासनाची संस्था आहे. तिचा किंवा अशा अन्य मान्य संस्थेचा चाचणी अहवाल आहे काय, हे विचारून असल्यास त्याची पाने वाचता येतील इतक्या जवळून टिपावीत.

फवारणीच्या ड्रोनची गोष्ट थोडी वेगळी. दालनात ते उडविता येत नाही, त्यामुळे ते मेजावर पंख मिटलेल्या पाखरासारखे बसलेले असते आणि मागच्या पडद्यावर कंपनीची स्वतःची फीत चालू असते. त्या पडद्याचे चित्रण करून ते आपले म्हणून दाखविणे योग्य नव्हे. उघड्या मैदानावर प्रात्यक्षिक केव्हा आहे याची चौकशी करावी आणि तेथे जावे. एका बॅटरीवर किती क्षेत्र होते, बॅटरी पुन्हा भारण्यास किती वेळ लागतो, बॅटरीचे किती संच घ्यावे लागतील, हे विचारावे. असे ड्रोन चालविणाऱ्यास २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार प्रमाणपत्र लागते. तेव्हा प्रशिक्षण कोठे मिळते आणि त्याचा खर्च किती, हेही फितीत असलेच पाहिजे.

चित्रीकरणासाठी दिवस कोणता निवडावा? पहिला दिवस उद्घाटनाचा. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, मान्यवरांची फेरी यांचे चित्रण अवश्य करावे, परंतु अंतिम फितीत ते अर्ध्या मिनिटाहून अधिक नसावे. प्रसिद्धी खात्यातील माणसाने ही सूचना करावी याचे काहींना नवल वाटेल; तथापि ज्याने दूरच्या वाडीत बसून मोबाईलचा डेटा खर्च केला आहे, त्यास यंत्र लवकर दिसावे हे बरे. खरे काम दुसऱ्या दिवशी सकाळी, दालने उघडताच करावे. गर्दी नसते, स्टॉलवरची माणसे थकलेली नसतात, आणि माहिती देण्यास विक्री अधिकाऱ्याऐवजी प्रत्यक्ष अभियंता मिळण्याचा संभव असतो. आयोजकांची लेखी परवानगी आधीच घेतलेली असावी. अप्रसिद्ध नमुने न टिपण्याची विनंती कोणी केल्यास ती मानावी.

आवाजाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. हलके चित्र एखादे वेळी सोसवते, न कळणारे बोलणे सोसवत नाही. प्रदर्शनाच्या दालनात शेकडो माणसे, ध्वनिवर्धक आणि यंत्रे यांचा एकच कल्लोळ असतो. कॅमेऱ्याच्या किंवा मोबाईलच्या अंगच्या माईकवर विसंबून चालत नाही. बोलणाऱ्याच्या छातीवर लावण्याचा लहान माईक अथवा तोंडाजवळ धरण्याचा हातमाईक वापरावा आणि मुद्रण होत असताना कानाला हेडफोन लावून ऐकत राहावे. यंत्राचा स्वतःचा आवाज मात्र निराळा, अर्धा मिनिट तरी, कोणी न बोलता टिपावा. घराच्या पडवीत ते यंत्र लावले तर शेजाऱ्यास किती त्रास होईल, हे त्यावरूनच समजते. फितीला पार्श्वसंगीत लावून हा आवाज झाकू नये. स्टॉलवर चित्रपटगीते वाजत असतील तर ती मुलाखतीपुरती बंद करण्यास सांगावे, कारण ती स्वामित्वहक्काची असतात आणि त्यापायी पुढे फीत प्रसृत करण्यास अडचण येते.

प्रकाशाविषयी एवढेच. आपल्याकडील विजेची आवर्तने सेकंदास पन्नास असल्याने दिव्यांचा उजेड सेकंदास शंभर वेळा कमी-अधिक होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्यास जाणवते. कॅमेरा सेकंदास २५ चित्रांवर आणि झडप सेकंदाच्या पन्नासाव्या वा शंभराव्या भागावर ठेवल्यास लुकलुक बहुधा थांबते. पुष्कळ मोबाईल मुळात सेकंदास ३० चित्रांवर ठेवलेले असतात, ते पाहून घ्यावे. एलईडीच्या मोठ्या पडद्यांवर पट्टे दिसत असल्यास जरा तिरपे उभे राहून पाहावे.

बॅटऱ्या दुप्पट न्याव्यात. विमानाने जाणे झाल्यास सुट्या लिथियम बॅटऱ्या मालाच्या पेटीत न टाकता हाती असलेल्या सामानातच ठेवाव्या लागतात. त्या शंभर वॅट-तासांहून मोठ्या असल्यास विमान कंपनीची पूर्वसंमती लागते. दिवसअखेर चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी करून ठेवल्याशिवाय कार्ड कोरे करू नये.

ही फीत दाखवावयाची कशी, यासही महत्त्व आहे. आपल्या देशाला याचा अनुभव जुना आहे. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी गावांसाठी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे दोन हजार चारशे खेड्यांत सामूहिक दूरचित्रवाणी संचांवर कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला. मुंबई केंद्रावरील ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम तर मराठी शेतकऱ्यांच्या घरचाच झाला होता. त्या काळी संच थोडे होते, म्हणून लोक एकत्र बसत आणि कार्यक्रमावर बोलत. आता प्रत्येकाच्या हाती पडदा आहे आणि जो तो एकट्याने पाहतो. त्यामुळे शक्य तेथे पंचायत सभागृहात किंवा शाळेत प्रोजेक्टर लावून फीत सर्वांनी मिळून पाहावी. सलग चित्रणाचा भाग आला की ती थांबवून पुन्हा दाखवावी. जुना बागायतदार त्यात जे पाहतो, ते कॅमेरा धरणाऱ्यासही दिसलेले नसते. आलेल्या शंका लिहून घेऊन त्या विक्रेत्याकडे व कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवाव्यात आणि उत्तरे पुढच्या बैठकीत वाचून दाखवावीत.

फितीच्या आरंभी पडद्यावर प्रदर्शनाचे नाव, स्थळ, चित्रीकरणाचा दिनांक, यंत्राचा नमुना क्रमांक आणि त्या दिवशी सांगितलेली किंमत ठळक अक्षरांत द्यावी. प्रवासखर्च किंवा अन्य साहाय्य विक्रेत्याकडून घेतले असेल तर तेही तेथेच लिहावे. न तोडलेले मूळ चित्रण कार्यालयात जपून ठेवावे आणि कोणी मागितल्यास पाहू द्यावे. नमुने आणि दर बदलत असल्याने पुढील वर्षीच्या प्रदर्शनानंतर जुन्या फितीवर तसा शेरा टाकावा, किंवा ती मागे घ्यावी.